घोंगडीचा भत्ता

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चौथीच्या पुढं गेलेलं नाही. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे पोरीच्या पुस्तकात बघून लिहिते आहे, आणि अक्षर असं आहे की मीच लिहिलेली किराण्याची यादी दुकानात उभी राहून मला वाचता येत नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही, लोखंडी पेटीत साड्यांच्या खाली राहणार आहे. पण एक गोष्ट इतकी वर्षं डोक्यात बसली आहे, आणि ती तोंडानं सांगायला मला जमत नाही. म्हणून लिहिते.

आमचं माहेर पिशोरच्या अलीकडचं. घरी मेंढरं. सलग दोन वर्षं पाऊस आला नाही तेव्हा वडिलांनी अर्धी मेंढरं कन्नडच्या बाजारात दिली आणि मी नवऱ्याबरोबर पैठण रोडला आले. तेव्हा शहर तिकडं धावत सुटलं होतं. काल जिथं ज्वारीची धाटं होती तिथं आज चुन्याच्या रेषा आखून प्लॉट पडायचे. नवऱ्याला सेंटरिंगचं काम लगेच लागलं. पाण्याचा टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, पण बांधकामाला पाणी कुठून यायचं ते कुणी विचारू नये.

येताना वडिलांनी मला एक घोंगडी दिली. आमच्याच मेंढरांची लोकर, काळीभोर, चार माणसं झोपतील एवढी. आमच्याकडं देव बसवायचा तर घोंगडीवर, पाहुणा बसवायचा तर घोंगडीवर, आणि थंडीत जन्मलेलं कोकरू गुंडाळायचं ते पण घोंगडीतच. हिवाळ्यात अंधारात ती अंगावरून ओढली की तिच्यातून चट् चट् आवाज यायचा आणि बारीक निळ्या ठिणग्या दिसायच्या. आम्ही पोरं घाबरायचो. वडील म्हणायचे, "गप पडा. देव जागा हाय त्यात." हे नीट लिहून ठेवते, कारण पुढचा सगळा गोंधळ यानंच झाला.

मला काम लागलं ते चितेगावच्या अलीकडं एका पत्र्याच्या शेडमध्ये. कारखान्यातल्या मशीनच्या पोटात जी हिरवी कार्डं असतात ती बिघडली की तिथं दुरुस्तीला यायची. साहेब स्वतः बिघाड शोधायचे, आम्ही बायका कार्डावरचा जुना आयसी, म्हणजे पाय असलेला काळा चौकोनी तुकडा, काढायचो, नवा सोल्डर करायचो, कार्ड पुसायचो आणि चंदेरी पिशवीत भरायचो. आम्ही सहा जणी. त्यात सगळ्यात जुनी एक मावशी. तिची माझी आधीची ओळख अशी नव्हती, पण पहिल्याच दिवशी तिनं मला शेजारी बसवून घेतलं, कारण मी बोलत नव्हते आणि तिला ऐकणारं कुणीतरी पाहिजे होतं.

पहिल्या दिवशी साहेबांनी शिकवलं. ते म्हणाले, माणसाच्या अंगात वीज साठते. चालताना, पदर सारखा करताना, केस विंचरताना साठते. आपल्याला ती कळतसुद्धा नाही, पण आपण कार्डाला हात लावला की ती आयसीत घुसते आणि आयसी मरतो. वरून काहीच दिसत नाही. जळत नाही, फुटत नाही, नुसता मरतो.

मावशी माझ्या कानात म्हणाली, "माझ्या अंगात वीज असती तर लाइटबिल भरलं असतं व्हय मी?"

साहेबांनी ऐकलं. ते म्हणाले, "थांबा, दाखवतो." त्यांनी टेबलावर कागदाचे बारीक कपटे टाकले, प्लास्टिकची फूटपट्टी घेतली आणि आपल्या डोक्यावर खसाखसा घासली. आता साहेबांच्या डोक्यावर केस फक्त कानांच्या वर होते, आणि घासली त्यांनी मधोमध. पट्टी कपट्यांवर धरली. कपटे जागचे हलले नाहीत. साहेबांनी पुन्हा घासली. कपाळ लाल झालं. एक कपटा थोडा वळवळला, पण तो पंख्यानं.

"असं होतं," साहेब म्हणाले आणि पट्टी खिशात टाकली. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. कुणालाच काही पटलं नव्हतं.

पण नियम पाळावे लागायचे. टेबलावर निळी मॅट. हातात पट्टा, त्याला वायर, वायर मॅटला, मॅटची वायर भिंतीतून बाहेर शेडच्या मागं जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला. कार्ड कडेनं धरायचं, आयसीच्या पायांना बोट लावायचं नाही. प्लास्टिकची पिशवी, थर्माकोल, कंगवा टेबलावर नको. नायलॉनची साडी नको, स्वेटर नको, सुती नेसून यायचं. पट्टा बांगड्यांवर नाही, कातडीला चिकटून पाहिजे. रोज सकाळी पट्टा घालून दाराजवळच्या, पट्टा तपासायच्या डबीवर बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागला तरच आत जायचं. दुष्काळात सगळ्यांची कातडी भेगाळलेली, त्यामुळं डबी सारखी लाल दाखवायची. मावशीनं त्यावर उपाय काढला होता. चहात बोट बुडवून मनगटाला लावायची, की लगेच हिरवा. आम्ही सगळ्या तेच करायला लागलो. साहेबांना वाटायचं बायका शिकल्या.

मला ते नियम विचित्र वाटले नाहीत. नव्या कोकराला परका हात लागला की मेंढी त्याला जवळ करत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तसंच हे. मावशीला मात्र पट्ट्याचा राग यायचा. "गोठ्यात दावणीला बांधल्यागत बसवलंय," म्हणायची. "फक्त चारा टाकायचा राहिला." रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला की आम्ही सहाही जणी एकदम उठायचो आणि पट्ट्यांची बटणं टच टच टच अशी सुटायची. त्या आवाजानंच साहेबांना कळायचं की टँकर आला.

आणि अर्थिंगच्या खड्ड्याला रोज एक बादली पाणी घालायचं. खड्ड्यात मीठ आणि कोळसा होता, तो ओला राहिला पाहिजे. ते काम माझ्याकडं होतं. घरी मी कळशी मोजून वापरायची, आणि इथं भरली बादली जमिनीत ओतायची. पहिल्या दिवशी माझा हातच उलटा होईना. मावशी म्हणाली, "ओत गं बाई. माणसं मेली तरी चालतील, हिची तहान भागव."

आता माझ्या चुकीकडं येते.

थंडीचे दिवस होते. एका कारखान्याची बारा कार्डं तयार झाली होती, दुसऱ्या दिवशी द्यायची होती. चंदेरी पिशव्या संपल्या. साहेब पिशव्या आणायला शहरात गेले, तेव्हा औरंगाबादच म्हणायचो आम्ही. जाताना सांगून गेले, "कार्डं जपून ठेवा, पुसून ठेवा, मी येतोच." ते दुपारपर्यंत आले नाहीत. संध्याकाळी बायका घरी निघाल्या. मावशी तर आधीच घाईत होती, भाचीची हळद होती. ती सकाळी तिकडूनच आली होती, गुलाबी नायलॉनची साडी नेसून. साहेबांनी सकाळी बघितलं होतं आणि कपाळाला हात लावला होता.

राहिले मी. मला ती बारा कार्डं उघडी टेबलावर टाकून जाववेना. थंडीत पत्र्याच्या शेडमध्ये, उघडी. स्वेटर चालत नाही हे मला माहीत होतं, पण स्वेटर विकतचा, त्यात काय काय मिसळलेलं. माझी घोंगडी दाराशी होती, मी सकाळी थंडीत पांघरून यायची. स्वतःच्या मेंढरांची. आणि तिच्यात देव जागा.

मी घोंगडीच्या कोपऱ्यानं एकेक कार्ड चकाचक पुसलं. मग घोंगडीच्या घड्या घालत एका घडीत एक अशी बाराही कार्डं निजवली, वरून गाठ मारली, लोखंडी कपाटात ठेवलं आणि कपाटाला नमस्कार करून घरी गेले.

सकाळी मी जाईपर्यंत साहेबांनी स्वतःची किल्ली लावून कार्डं बाहेर काढली होती आणि तपासायला घेतली होती. घोंगडी खुर्चीवर टाकलेली होती. साहेबांना वाटलं असेल, कुणाची तरी कपाटात राहिली. बारापैकी सात कार्डं मेलेली. साहेबांनी दोनदा तपासली, मीटर बदलून तपासली. मग ते मावशीच्या टेबलाशी गेले.

"मावशी, काल कोणती साडी होती?"

"लग्नाची."

"नायलॉनची."

"आता लग्नात काय पोतं नेसून जाऊ?"

"सात कार्डं गेली, मावशी. एकवीसशे रुपयांचे आयसी. मी किती वेळा सांगितलं होतं?"

"माझ्या साडीनं मारली? साडी हितं, कार्डं तिथं. साडी काय चालत गेली व्हय?"

"तुम्ही उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले. ते ओरडले नाहीत, त्यामुळं जास्त वाईट वाटलं. "नुकसान पगारातून वळतं होईल."

 मावशीच्या घरात कमावणारी ती एकटीच होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तिनं पट्ट्याचं बटण काढलं, टच्, डबा उचलला आणि गेली.

मला काही कळत नव्हतं. मला खरंच वाटत होतं की साडीनंच केलं. मी खुर्चीवरची घोंगडी उचलायला गेले आणि हात लोखंडी कपाटाला लागला.

चट्.

बोटाच्या टोकाला टोचलं. मी तशीच उभी राहिले. तोच आवाज. लहानपणी अंधारात ऐकलेला. मी पुन्हा घोंगडी घासून कपाटाला बोट लावलं. पुन्हा चट्. आणि साहेबांचं बोलणं आठवलं, आपल्याला कळतसुद्धा नाही, आयसी नुसता मरतो.

देव नव्हता तो. वीज होती. मी बारा कार्डं विजेत गुंडाळून, गाठ मारून, नमस्कार करून ठेवली होती.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. घरी गेल्यावर हंड्यासमोर बसून बोलायचा सराव केला. "साहेब, मावशीनं नाही केलं." हंड्यासमोर नीट बोलता यायचं. नवरा म्हणाला, "कुणाशी बोलायलीस?" मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "साहेबाला नको सांगू. एकवीसशे कुठनं आणणार?" थोड्या वेळानं परत म्हणाला, "पण त्या मावशीचं कसं व्हायचं?" आणि पांघरूण डोक्यावर घेऊन झोपला. त्यानं घोंगडीच घेतली होती, आणि ती घेताना चट् चट् झालं. मला हसू पण येईना.

सकाळी मी घोंगडी घेऊन साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. तोंड उघडलं. आवाजच येईना. साहेब म्हणाले, "काय ताई? सुट्टी पाहिजे?" मी नाही म्हणून मान हलवली. "ॲडव्हान्स?" मी जोरात मान हलवली. मग मला काही सुचेना, म्हणून मी त्यांच्या टेबलावरचा कागद घेतला, फाडला, बारीक कपटे केले. साहेब बघत राहिले, कारण तो कागद कामाचा होता. मी त्यांच्या खिशातली फूटपट्टी काढून घेतली. घोंगडीवर चार वेळा घासली आणि कपट्यांवर धरली.

कपटे उड्या मारून पट्टीला चिकटले. काही खाली पडून परत वर उडाले. एक साहेबांच्या चष्म्याला जाऊन लागला.

"परवा रात्री ह्यात ठेवली होती," मी म्हणाले. "बाराची बारा. पुसून."

साहेबांनी घोंगडीकडं बघितलं. मग त्यांच्या टेबलावरच्या दोन उघड्या कार्डांकडं बघितलं. आणि एकदम खुर्ची मागं सारून उठले, कार्डं छातीशी धरली आणि भिंतीला टेकले. "ते लांब न्या! दारात! दाराच्या बाहेर! ताई, कडुनिंबापर्यंत न्या!" साप निघाल्यासारखं. मी घोंगडी कडुनिंबाला टांगली आणि परत येऊन सांगितलं, "मावशीला बोलवा."

एवढंच मला बोलायचं होतं. ते एका दमात बोलले.

मावशी दुसऱ्या दिवशी आली. आत येताच आधी कडुनिंबाखाली गेली आणि घोंगडीपुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुझ्यामुळं माझ्या साडीची अब्रू गेली, भवाने." मग माझ्याकडं आली. मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं पाठीत धपाटा घातला. "वाकू नको, पट्टा तुटल." नंतर म्हणाली, "तुझा देव लई कडक हाय गं माय. सात खाल्ले एका रात्रीत."

साहेबांनी हिशेब मांडला. एकवीसशे रुपये. मीच म्हणाले आठवड्याला पन्नास कापा. त्यांनी नुसती मान हलवली आणि वहीत माझ्या नावाचं पान काढलं. नवरा म्हणाला, घोंगडी विकून टाक. मी विकली नाही, रोज पांघरून यायची आणि कडुनिंबाला टांगायची. तिची काय चूक? तिला गुंडाळायचं माहीत, तिनं गुंडाळलं.

त्यानंतर महिन्याभरात दोन नव्या मुली कामाला आल्या. साहेबांनी शिकवायला घेतलं, फूटपट्टी काढली आणि डोक्यापर्यंत नेली. मग हात मधेच थांबला. त्यांनी खिडकीतून कडुनिंबाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ताई," ते म्हणाले, "जरा घोंगडी आणता का? कार्डं मी बाहेर काढतो."

त्या दिवशी नव्या मुलींनी कपटे उडताना बघून किंकाळी मारली. त्यांना जन्मात परत सांगावं लागलं नाही की पट्टा घाला. संध्याकाळी साहेबांनी वही उघडली आणि माझ्या पानावर पन्नास वजा केले. मी बघत राहिले. "घोंगडीचा भत्ता," साहेब म्हणाले. ते हसत नव्हते.

त्या वर्षी रोडला नवे कारखाने येतच होते. साहेबांच्या ओळखीचे लोक म्हणायला लागले, आमच्या पोरींना पण शिकवा. साहेब स्कूटरवर जायचे आणि मी मागं घोंगडी मांडीवर घेऊन बसायची. पहिल्या ठिकाणी वीस-पंचवीस जण होते. साहेबांनी सांगितलं, "आता ताई दाखवतील." मी पट्टी घासायच्या ऐवजी घोंगडी तोंडावर घेतली. खरंच घेतली. आतून काही दिसत नव्हतं ते बरं वाटलं, फक्त केस चट् चट् करायला लागले. डोकं बाहेर काढलं तेव्हा माझे केस सगळीकडं उभे होते. लोक इतके हसले की साहेबांना पुढं काही शिकवावंच लागलं नाही.

पुढच्या वेळेपासून मावशी बरोबर यायला लागली. तिनं स्वतःच ठरवलं. येताना ती गुलाबी नायलॉनची साडी नेसून यायची. "मला आधी दाखवा," ती म्हणायची, "घोंगडी नंतर. लहान चोर आधी, मोठा चोर मागनं." मी घासायची, मावशी बोलायची. ती साडीचा पदर ओढून कपट्यांजवळ धरायची, दोन-तीन चिकटायचे. मग माझ्याकडं हात करायची, "आन् आता बघा हिच्या देवाचं!" की कपटे नाचायचे. तिलाही पन्नास मिळायचे. स्कूटरवर तिघं बसत नव्हतो, म्हणून मावशी काळीपिवळी जीपनं मागून यायची आणि जीपचं भाडं वेगळं मागायची.

माझ्या पानावरचा आकडा उतरत गेला. आठवड्याचे पन्नास आणि शिवाय भत्त्याचे. दुष्काळ जितका कोरडा, तितके कपटे उंच उडायचे. मी मनात हिशेब करायची आणि मला लाज वाटायची की आभाळ कोरडं आहे ते माझ्या पथ्यावर पडतंय.

शेवटचे पन्नास राहिले तेव्हा पाऊस पडून गेला होता. चांगला चार दिवस. खड्ड्याला बादली घालावी लागत नव्हती, आणि डबी चहा न लावता हिरवी होत होती. साहेबांनी एका मोठ्या कारखान्यात नेलं. तीस-चाळीस जण, त्यात टाय घातलेले दोन. मावशीनं साडी दाखवली. एकही कपटा हलला नाही. मावशी म्हणाली, "ही काय, लहान चोर. मोठा बघा." मी घोंगडी घासली, पट्टी धरली. काही नाही. पुन्हा घासली. घोंगडीला ओल्या मेंढरांचा वास येत होता. कपटे टेबलावर पडून राहिले.

टायवाल्यांपैकी एक हसला. "साहेब, मग पट्टा कशाला घालायचा?"

साहेब पट्टी उलटसुलट करून बघायला लागले. मावशी साडीचा पदर परत परत झटकत राहिली.

मग मी बोलले. कशी ते मला अजून कळत नाही. मी म्हणाले, "हवा ओली हाय. ओल्यात ती बसत नाय, निसटून जाती. पण ती गेली नाय. एसी लावला, आठ दिवस ऊन पडलं, की परत येती. आन् तुम्हाला कळणार नाय कधी आली. मला कळली नाय. मी तर घोंगडीतच जन्मले. माझी सात मेली." एवढं बोलून मी खाली बघितलं. पाय दिसत होते माझे, नव्या चपला.

कुणी हसलं नाही. टायवाल्यानं कपटे हातानं गोळा केले.

परत आल्यावर साहेबांनी वही काढली. मावशी मधेच म्हणाली, "साहेब, आज कपटे उडाले नाय, पण तिचे भत्त्याचे पन्नास बुडवू नका." साहेब म्हणाले, "कोण बुडवतंय? आज तर घोंगडी नुसती आली होती, ताई बोलल्या. घोंगडीचा भत्ता आज नाही. ताईंचा आहे." त्यांनी पन्नास लिहिले, खाली रेघ मारली, रेघेखाली शून्य काढलं आणि वही माझ्याकडं फिरवली, सही करायला. मी सही केली. अक्षर वाईटच आलं. एकवीसशे रुपये फिटले.